रंग गेला, पण रेणू कुठे गेला?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही झिंक ऑक्साइडची नॅनोपावडर बनवलीत. १०० मिलिलीटर पाणी, त्यात लीटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मेथिलीन ब्लू हा निळा रंग, ५० मिलिग्रॅम पावडर, वरून ३०० वॉटचा झेनॉन दिवा आणि ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर. ९० मिनिटांत ९६ टक्के रंग गेला. आता हेच तुम्हाला कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यावर करायचं आहे. तुम्ही विचारताय की झिंक ऑक्साइडच ठेवावं, टायटॅनियम डायऑक्साइडकडे वळावं, की बँड गॅप (इलेक्ट्रॉनला खालच्या ऊर्जा-पट्टीतून वरच्या पट्टीत जायला लागणारी किमान ऊर्जा) आणखी कमी असलेलं एखादं ऑक्साइड शोधावं.

ऑक्साइडाचं उत्तर एका ओळीत देता येतं: टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. पण तेवढ्याने तुमचं काम होणार नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं नवनव्या पावडरी भाजण्यातच घालवली. गाडं अडत होतं ते प्रकाशाच्या हिशेबात आणि खुद्द पाण्यात, हे फार उशिरा कळलं. म्हणून आधी तुमच्या ९६ टक्क्यांचाच हिशेब मांडू.

१०० मिलिलीटरमध्ये रंग होता एकूण १ मिलिग्रॅम. तो घालवायला तुम्ही पावडर घातलीत त्याच्या ५० पट. दिवा दीड तास जळला, म्हणजे ०.४५ युनिट वीज. त्याच दराने एक घनमीटर पाण्याला ४,५०० युनिटं लागतील, तीही त्यात लीटरला फक्त १० मिलिग्रॅम रंग असताना. हे तुम्हाला खिजवण्यासाठी सांगत नाही. पहिला प्रयोग सगळ्यांचा असाच असतो. मात्र टक्केवारीच्या शेजारी हे तीन आकडे लिहायची सवय लावून घ्या: किती रंग, किती पावडर, किती वीज. टक्केवारी एकटी असली की फार देखणी दिसते.

आता फिल्टरकडे या. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० ला त्याने भागलं की तरंगलांबी येते ३७६ नॅनोमीटर. त्यापेक्षा लांब तरंगांचा प्रकाश शुद्ध झिंक ऑक्साइड शोषतच नाही, आणि तुमचा फिल्टर ४२० च्या खालचं सगळं अडवतोय. मग बीकरमध्ये प्रकाश शोषला कोणी? मेथिलीन ब्लूने. त्याचं शोषण ६६४ नॅनोमीटरला सर्वाधिक असतं, म्हणून तर तो निळा दिसतो. प्रकाश खाऊन उत्तेजित झालेला रंगाचा रेणू स्वतःचा इलेक्ट्रॉन ऑक्साइडात ढकलतो आणि मग स्वतःच मोडतो. याला रंग-संवेदन म्हणतात. ते खोटं नाही, पण ते प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे ऑक्साइडाने स्वतः प्रकाश शोषून प्रदूषक मोडणं, नव्हे. पाण्यात रंगहीन औषध किंवा कीटकनाशक असेल तर याच मांडणीत काहीही होणार नाही, कारण प्रकाश झेलणारंच कोणी नसेल. खात्री करायची तर मेथिलीन ब्लूऐवजी फिनॉल किंवा बेंझॉइक आम्ल घ्या, बाकी सगळं तसंच ठेवा आणि एचपीएलसीवर (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजा. दृश्य प्रकाशातलं यश रंगापुरतंच होतं की पावडरीचं, ते एका दुपारी कळेल.

त्यातही मेथिलीन ब्लू हा फार लबाड पाहुणा आहे. त्याचं रंगहीन रूप असतं, ल्यूको मेथिलीन ब्लू. रेणू अख्खाच्या अख्खा शाबूत असतो, फक्त त्याला इलेक्ट्रॉन मिळालेले असतात. हवा लागली की तो पुन्हा निळा होतो. मला हे शिकवलं एका बाटलीने. आम्ही द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढला होता, थोडं इथेनॉलही होतं, आणि टायटॅनियाने (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडने) वीस मिनिटांत पाणी काचेसारखं केलं. आलेख काढला, सगळे खूश, उरलेला नमुना बुचाविना टेबलावर राहिला. सकाळी येऊन पाहतो तर वरचा बोटभर थर निळा आणि खाली फिकट होत गेलेलं पाणी. कोणी रात्रीतून शाई ओतली की काय, असंच आधी वाटलं. हवा जिथून शिरत होती तिथून रंग परतत होता. आदल्या दिवशीचा आलेख फाडावा लागला.

दुसरी लबाडी जास्त सूक्ष्म आहे. या रेणूच्या टोकांना मेथिल गट असतात. ते एकेक करून गळतात तेव्हा शोषणाचा माथा ६६४ वरून डावीकडे सरकत जातो. तुम्ही फक्त ६६४ लाच वाचन घेत असाल तर आकडा झपाट्याने पडतो आणि मधला सांगाडा मात्र तसाच असतो. ऱ्होडामाइन बी या गुलाबी रंगामध्येही हेच होतं, माथा ५५४ वरून ५०० च्या आसपास सरकतो. म्हणून एका तरंगलांबीवर विसंबू नका. दर नमुन्याचा २०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट काढा. अतिनील भागातलं शोषण उतरत नसेल तर वलयं अजून पाण्यातच आहेत. आणि सिरिंज फिल्टर जपून वापरा. काही पडदे हा रंग अधाशासारखे शोषतात. गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं आणि फिल्टरची चकती निळी होते. ती चकती उघडून कोणी बघत नाही. सेंट्रिफ्यूज असेल तर तेच बरं.

आता पदार्थांकडे वळू. तत्त्व तुम्हाला माहीत आहे, म्हणून लागेल तेवढंच सांगतो. पुरेशा ऊर्जेचा फोटॉन ऑक्साइडातला इलेक्ट्रॉन वर उचलतो आणि खाली होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, राहतं. होल पृष्ठभागावरच्या पाण्याकडून किंवा हायड्रॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अत्यंत आक्रमक रेणू-तुकडा तयार होतो, किंवा होल चिकटलेल्या प्रदूषकावर थेट तुटून पडतं. वर गेलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला द्यावा लागतो. तो कोणी घेतला नाही तर इलेक्ट्रॉन आणि होल परत एकत्र येतात आणि फोटॉनची ऊर्जा उष्णता होऊन जाते. बहुतेक जोड्यांचं नशीब हेच असतं. फुजिशिमा आणि होंडा यांचा १९७२ चा शोधनिबंध सगळे उद्धृत करतात, पण तो पाण्याच्या विघटनाचा होता. प्रदूषणाच्या अंगाने खरी सुरुवात म्हणजे १९७६ मध्ये कॅरी आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियावर पीसीबी या विषारी संयुगांमधला क्लोरीन काढून दाखवला ते काम, आणि पाठोपाठ १९७७ मधलं फ्रँक आणि बार्ड यांचं सायनाइडवरचं काम. जवळपास पन्नास वर्षं झाली आणि तुलनेसाठी आजही आपण टायटॅनियाच घेतो, यातच काय ते आलं.

टायटॅनिया टिकून आहे तो वेगामुळे नव्हे, चिवटपणामुळे. आम्लात, अल्कलीत, प्रखर प्रकाशात, वर्षभर पाण्यात बुडून राहिला तरी तो विरघळत नाही. अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप ३.२, रुटाइलचा ३.० इलेक्ट्रॉन व्होल्ट. अ‍ॅनाटेजला ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो आणि सूर्यप्रकाशात तसा प्रकाश जेमतेम चार-पाच टक्के असतो, ही त्याची सर्वांना पाठ असलेली उणीव. बाजारात मिळणारी पी२५ नावाची पावडर बहुतांशी अ‍ॅनाटेज आणि थोडं रुटाइल अशी आहे, ग्रॅमला सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग. तुमचा नवा पदार्थ कसाही असो, त्याच बीकरमध्ये, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच वजनाची पी२५ ठेवून तुलना करा. तुलना नसेल तर ९६ टक्के हा आकडा दिव्याचा आहे की पावडरीचा, हे सांगता येत नाही.

झिंक ऑक्साइड अनेकदा टायटॅनियापेक्षा वेगाने काम करतं, हे खरं आहे. त्यात इलेक्ट्रॉन चपळ फिरतो. बनवायलाही सोपं, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत ते असतंच. पण गोम अशी की प्रकाशात तयार झालेली होलं पाण्यावर जाण्याऐवजी खुद्द ऑक्साइडातल्या ऑक्सिजनवर जातात आणि झिंकचे आयन पाण्यात सुटतात. याला प्रकाश-क्षरण म्हणतात. शिवाय ते उभयधर्मी आहे: आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही. उदासीन पाण्यातसुद्धा लीटरमागे काही मिलिग्रॅम झिंक सुटू शकतं, आणि जलचरांना, विशेषतः शेवाळ आणि बारीक कवचधारी जीवांना, त्याहून पुष्कळ कमी झिंकही बाधतं. म्हणजे एक प्रदूषक काढायला जाऊन दुसरं सोडण्यासारखं. तुम्ही पाच फेऱ्यांचा पुनर्वापर दाखवला आहे तोही तपासा. दर फेरीनंतर धुताना पावडर सांडते, मग वजन जुळवायला थोडी ताजी घातली जाते, आणि क्षमता टिकली असं लिहिलं जातं. पावडरीत किती उरलं यापेक्षा गाळलेल्या पाण्यात किती झिंक आलं ते मोजा. ते मोजायला एक नमुना पुरतो.

बँड गॅप कमी करण्याच्या मागे लागण्याआधी टंगस्टन ऑक्साइडची गोष्ट लक्षात घ्या. त्याचा गॅप २.७ च्या आसपास, म्हणजे निळा प्रकाशही चालतो. होलं दणकट असतात. अडतं ते दुसऱ्या टोकाला. त्याच्या वरच्या पट्टीतला इलेक्ट्रॉन ऊर्जेने इतका खाली बसलेला असतो की ऑक्सिजनला एकेकटा इलेक्ट्रॉन देणं त्याला जमत नाही. इलेक्ट्रॉन साचतात, होलांशी जुळतात, संपलं. प्लॅटिनमचे कण बसवले की ऑक्सिजन एकदम दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइड होऊ शकतो आणि मग हाच पदार्थ जागा होतो. पण सांडपाण्यात प्लॅटिनम? आणि अल्कलीत टंगस्टन ऑक्साइड विरघळतं, हे वेगळंच. तुमचं सांडपाणी अल्कलीच असणार.

फेरिक ऑक्साइड, म्हणजे साधा लोखंडाचा गंज, गॅप सुमारे २.१. स्वस्त, निरुपद्रवी, सूर्यप्रकाशाचा मोठा वाटा पकडणारं. पण होल त्यात दोन-चार नॅनोमीटर चालून मरतं, आणि प्रकाश शोषला जायला मात्र शंभरेक नॅनोमीटर जाडी लागते. जिथे होल जन्मतं तिथून पृष्ठभागापर्यंत ते पोचतच नाही. फेरिक ऑक्साइडने उत्तम नाश झाला असं जिथे वाचाल, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं होतं का ते बघा. बहुतेक वेळा घातलेलं असतं, आणि मग तो फेंटनचा, म्हणजे लोह आणि पेरॉक्साइडच्या अभिक्रियेचा, खेळ असतो. बिस्मथ व्हॅनाडेट, २.४ चं, चांगलं आहे, पण त्याचीही वरची पट्टी खालीच. क्युप्रस ऑक्साइड पाण्यात आणि उजेडात स्वतःलाच खातं. त्याबद्दल एवढंच.

डोपिंगबद्दल, म्हणजे ऑक्साइडात मुद्दाम परके अणू मिसळण्याबद्दल, माझं मत थोडं कडवट आहे. २००१ मध्ये आसाही आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन घातलेला टायटॅनिया दाखवल्यावर पिवळट पावडरींची लाट आली. पावडर पिवळी होते, दृश्य प्रकाश शोषते, हे निर्विवाद. पण नायट्रोजनमुळे तयार होणारी पातळी मूळ पट्टीच्या वर असते, म्हणून तिथलं होल दुबळं आणि फारसं न हलणारं असतं. अतिनील प्रकाशात अशी पावडर बऱ्याचदा मूळ टायटॅनियापेक्षा मंदच निघते. धातू घालण्याचंही तसंच. १९९४ मध्ये चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी २१ धातूंचे आयन घालून पाहिले. लोह, मॉलिब्डेनम, ऱ्होडियम अशा काहींनी अर्ध्या टक्क्याच्या आतल्या प्रमाणात फायदा दिला, कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमने उलट तोटा केला. प्रमाण थोडं वाढलं की तोच आयन इलेक्ट्रॉन आणि होलांचं लग्न लावून देणारा मध्यस्थ होतो. दोन ऑक्साइडांच्या सांध्यांबद्दल तर काय बोलावं. शोधनिबंधातल्या चित्रात बाण काढणं सोपं असतं. इलेक्ट्रॉन खरंच त्या बाणाने जातो हे दाखवणारे फार थोडे.

पण समजा पदार्थ अगदी मनासारखा मिळाला. खरी मेख आता येते, आणि ती पाण्यात आहे.

तुमच्या बीकरमध्ये डिस्टिल्ड पाणी होतं. हायड्रॉक्सिल रॅडिकल समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं, निवड करत नाही. डिस्टिल्ड पाण्यात समोर फक्त तुमचा रंग असतो. खऱ्या पाण्यात बायकार्बोनेट असतं, कुजलेल्या पानापाचोळ्याचा सेंद्रिय कार्बन असतो. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध घेऊ, कारण ते जैविक प्रक्रियेतून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं आणि अशाच रेणूंसाठी आपण हे सगळं करतो. पाण्यात ते लीटरला १ मायक्रोग्रॅम आहे असं धरा. त्याची रॅडिकलशी अभिक्रिया जवळपास कमाल वेगाने होते, स्थिरांक ९ अब्जाच्या आसपास. संहती धरून गुणाकार केला की सेकंदाला ३७ येतात. आता लीटरला २०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट. त्याचा स्थिरांक हजारपट कमी, फक्त ८५ लाख, पण रेणू इतके की गुणाकार येतो २८,०००. त्यात लीटरला ५ मिलिग्रॅम विरघळलेला सेंद्रिय कार्बन धरला की आणखी सव्वा लाख. म्हणजे एकूण दीड लाखात औषधाच्या वाट्याला ३७. चार हजार रॅडिकल तयार करावीत तेव्हा एक औषधाला लागणार, बाकीची बायकार्बोनेट आणि पालापाचोळ्यावर खर्च. पृष्ठभागावरचं गणित थोडं वेगळं असतं, पण तिथेही चिकटायच्या जागेसाठी हीच झोंबाझोंबी चालते. फॉस्फेट तर टायटॅनियाला असं घट्ट बसतं की उठायचं नाव घेत नाही.

आता हे रंगाईच्या पाण्यावर लावा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या) रंगाईत सोडा अ‍ॅश पडतो, पीएच दहाच्या वर जातो. त्या पीएचला बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेट रॅडिकलला ४५ पट जास्त वेगाने खातं. मीठ किंवा सोडियम सल्फेट लीटरमागे कित्येक ग्रॅम असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं: तुमचा मेथिलीन ब्लू धनभारी आहे, पण रिअ‍ॅक्टिव्ह रंग सल्फोनेट गटांमुळे ऋणभारी असतात. टायटॅनियाचा पृष्ठभाग साडेसहाच्या आसपासच्या पीएचला उदासीन, त्याच्या वर ऋणभारी. दहा पीएचला मेथिलीन ब्लू त्याला जाऊन चिकटतो आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र दूर ढकलला जातो. ज्या रंगावर तुम्ही तालीम केलीत तो खऱ्या रंगाच्या नेमका उलट वागणारा आहे.

याउपर प्रकाश. तुमच्या बीकरमधून पलीकडचं दिसत होतं. रंगाईचं पाणी गडद असतं, आणि त्यात पावडर घातली की ते रंगीत दुधासारखं होतं. लीटरला एक ग्रॅम टायटॅनिया घातलेल्या पाण्यात अतिनील प्रकाश सेंटीमीटरभरही धड जात नाही. बाकीची सगळी टाकी अंधारात.

सीओडीचा, म्हणजे पाण्यातले पदार्थ रसायनाने पूर्ण ऑक्सिडाइज करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा, हिशेब तर आणखी निर्दयी आहे. सांडपाण्याचा सीओडी लीटरला २,००० मिलिग्रॅम असेल तर पूर्ण ऑक्सिडेशनला लीटरमागे २ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे पाव मोल इलेक्ट्रॉन. एका इलेक्ट्रॉनला एक उपयोगी फोटॉन धरला आणि शंभरातला एक फोटॉन कामी आला असं मानलं, तर लागतील २५ मोल फोटॉन. ३६५ नॅनोमीटरच्या एका मोल फोटॉनांची ऊर्जा ३२८ किलोज्यूल. गुणाकार करा: लीटरमागे सव्वादोन युनिटं, तीही नुसत्या प्रकाशाची. एलईडी निम्मी वीज उष्णतेत घालवतो ते वेगळं. हवेतला ऑक्सिजन साखळीत मदत करतो, म्हणून प्रत्यक्षात काही फोटॉन वाचतात. समजा दहापट वाचले, तरी घनमीटरला दोनशेच्या वर युनिटं. त्याच पाण्यातला जेवढा भाग जिवाणूंना पचतो, तेवढा ते घनमीटरमागे दोन-तीन युनिटांच्या हवेवर फस्त करतात. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन २५ अंशाला लीटरमागे फक्त ८ मिलिग्रॅम असतो, म्हणजे हवा सतत सोडावीच लागणार.

या क्षेत्रात प्रदूषक एक दशांशावर आणायला घनमीटरमागे किती युनिटं लागतात, हा आकडा तुलनेसाठी वापरतात. २०१८ मध्ये प्रगत ऑक्सिडेशन पद्धतींचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ओझोन आणि अतिनीलसह पेरॉक्साइड या पद्धतींचा मध्यक १ युनिटाच्या आत निघाला आणि अतिनील दिव्यावरच्या प्रकाश-उत्प्रेरणाचा १०० च्या वर. यात बीकरमधले, न सुधारलेले प्रयोग पुष्कळ होते हे धरूनही फरक मोठाच आहे.

मग हे तंत्र कामाचंच नाही का? तसं मी म्हणत नाही. पाणी आधीच गाळलेलं आणि पारदर्शक, प्रदूषक थोडं पण चिवट, प्रवाह लहान, आणि जमल्यास फोटॉन फुकटचे, अशा जागी ते शोभतं. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळच्या सौर संशोधन केंद्रात परवलयी आरशांच्या मधून काचनळ्या नेऊन कीटकनाशकांच्या पाण्यावर वर्षानुवर्षं काम झालं. ते आरसे विखुरलेला प्रकाशही पकडतात, म्हणून ढगाळ दिवशीही नळी पूर्ण आंधळी होत नाही. पावडर पाण्यातच ठेवून सिरॅमिक पडद्याने परत अडवणाऱ्या व्यावसायिक यंत्रणाही आहेत. तरी तिथेही रेणू बघून पाऊल टाका. अ‍ॅट्राझिन हे तणनाशक टायटॅनियावर भराभर नाहीसं होतं, पण सायन्यूरिक आम्लापाशी येऊन थांबतं. ते ट्रायाझिन वलय फुटत नाही, कितीही वेळ दिवा ठेवा. पीएफओए या चिवट रसायनासारख्या फ्लोरिनच्या साखळीवर हायड्रॉक्सिल रॅडिकलचं काही चालत नाही. तिथे इंडियम ऑक्साइड थोडं बरं, कारण त्या रेणूचं आम्लाचं टोक त्याला घट्ट धरतं आणि होल थेट हल्ला करतं.

पावडर नको, काचेवर थर बसवू, असंही तुम्ही विचारलं आहे. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडच्या सोलमध्ये (अतिसूक्ष्म कणांच्या द्रवात) काच बुडवून ४५० अंशाला भाजा, अ‍ॅनाटेजचा छान चिवट थर बसतो. गाळण्याची कटकट मिटते. पण मग प्रदूषकाला काचेपर्यंत चालत जावं लागतं. लहान रेणू पाण्यात नुसत्या विसरणाने १ मिलिमीटर जायला आठेक मिनिटं घेतो, १ सेंटीमीटरला चौदा तास, आणि रॅडिकल तर काही नॅनोमीटर जाऊनच संपतं. म्हणून थर बसवायचा तर पाण्याचा पापुद्रा पातळ ठेवा किंवा पाणी खळखळतं ठेवा. सपाट तळाच्या ट्रेमध्ये चार बोटं पाणी घालून थर वाट बघत बसलेला मी पाहिला आहे.

तर तुमच्या कारखान्याच्या पाण्याला: आधी पीएच खाली आणणं, मग साका बसवून गाळ काढणं, मग जैविक टाकी. राहिलेला रंग घालवायला ओझोन. प्रकाश-उत्प्रेरण ठेवायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि तेही शेवटच्या पाण्यात एखादं नाव घेऊन सांगता येईल असं चिवट प्रदूषक उरलं तरच.

आणि प्रयोग पुढे न्यायचा असेल, जो न्यावाच, तर दिवा लावण्याआधी तासभर अंधारात ढवळून पावडर किती रंग नुसता चिकटवून घेते ते मोजा. पावडरीविना दिवा लावून रंग आपोआप किती जातो तेही. बीकरच्या आत नेमके किती फोटॉन पोचतात ते फेरिऑक्झलेटच्या (प्रकाशाने ठरावीक प्रमाणात बदलणाऱ्या रसायनाच्या) पद्धतीने मोजा, दिव्यावर लिहिलेल्या वॉटवर जाऊ नका. मग डिस्टिल्डऐवजी नळाचं पाणी घेऊन एक फेरी करा. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा हे आकडे, गाळलेल्या पाण्यातलं झिंक आणि टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) एवढं पाठवा. टीओसीचं यंत्र नसेल तर सीओडी चालेल, पण दोन गोष्टी सांभाळा. मीठ असेल तर मर्क्युरिक सल्फेट घालायला विसरू नका, नाहीतर क्लोराइडही सेंद्रिय प्रदूषण म्हणून मोजलं जाईल. आणि पेरॉक्साइड घातलं असेल तर ते पूर्ण संपल्यावरच नमुना लावा, कारण उरलेलं पेरॉक्साइड डायक्रोमेट खातं आणि सीओडी फुगलेला दिसतो.